पायाचं औषध, डोळ्याचं औषध

प्रिय शेंडेफळ,

तुझ्या बाबांनी डोळ्यातलं इंजेक्शन घ्यायला साफ नकार दिला आहे, म्हणून लिहिते आहे. फोनवर मी चिडते आणि मुद्दा राहून जातो.

साखरेमुळे पायाची जखम भरेना, म्हणून त्यावर लावायला मलम दिलं आहे. त्यात वाढीचा घटक असतो म्हणे. तो पेशींना वाढा म्हणून सांगतो. डोळ्यात मात्र नको तिथे नव्या रक्तवाहिन्या फुटल्या आहेत आणि त्या पाझरतात. तिथलं इंजेक्शन तसल्याच एका घटकाला अडवतं. म्हणजे एकाच माणसाला खाली वाढ म्हणायचं आणि वर थांब. बाबा म्हणतात, ही दोघं वाटेत भेटली तर मारामारी करतील. आधी पाय भरू दे, डोळ्याचं मग बघू. मी त्यांना वेड्यात काढलं. मग भाजी चिरताना वाटलं, खरंच तसं असलं तर? मी पदवीधर बाई, पण आमच्या वेळी पेशी म्हणजे आवरण आणि केंद्रक. आकृती काढा, नावं द्या, संपलं. पायाचे डॉक्टर म्हणाले, डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा. डोळ्यांच्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, काही संबंध नाही आजी. आजी! मला पटलं की नाही, हेच मला कळेना.

तू दिवसभर प्रयोगशाळेत असले घटक घालून पेशी वाढवतेस. तुला ठाऊक असणार. पण गोड सोडलं नाहीत तर डोळे जातील, असं तू त्यांना सगळ्यांदेखत सुनावलंस आणि तेव्हापासून तुमचा अबोला. तुझं म्हणणं खरं ठरतंय याची त्यांना लाज वाटते. मला वाटतं, तुलाही.

काल त्यांनी घड्याळं दुरुस्त करताना लावायचं भिंग पुसून डबीत ठेवलं आणि म्हणाले, तिला पाठव, पेशी बघायला होईल. त्यात कसल्या पेशी दिसणार! ज्या डोळ्याला ते भिंग लावतात, तोच हा डोळा.

सोमवारी इंजेक्शन आहे. ते माझं ऐकत नाहीत, डॉक्टरांचंही नाही. औषधं भांडत नसतील तर समोर येऊन सांग. भांडत असतील तरी ये.

तुझीच,
आई

तुझ्या मावसभावाच्या हाती दिलं: डोळ्याच्या तपासणीची प्रत, मलमाच्या खोक्यातला माहितीचा कागद, भिंग डबीसकट. पहिली दोन ठेवून घे. भिंग परत करायचं आहे. कुरिअरने चालणार नाही.