आज सूप नको

निकोलासा,

गिनीपिगांना लसूणघास टाकलाय. मी दवाखान्यात पळतोय. माझ्या दोन्ही फुटक्या दाढांचे ऑनले, म्हणजे वर बसवायचे तुकडे, कुस्कोहून बनून आलेत. दाढेचा फुटलेला माथा तेवढा नवा चिकटवायचा, खालचा भाग माझाच राहणार. तुझ्या भावाला सांग, दाढा उपटायला काढलेली पक्कड आता ठेवून दे म्हणावं. दातांनी बाटली उघडायची पैज त्यानेच लावली होती, पण जाऊ दे.

बधिरपणा उतरला की काहीही चावा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तेव्हा आज सूप करू नकोस, मक्याचे दाणे भाज, चांगले कडक. इतके दिवस स्वयंपाकघराचं दार लावून तू ते एकटीच खातेस. मला वाईट वाटू नये म्हणून लावतेस, पण कुडुमकुडुम बाहेर ऐकू येतं गं.

आज दार उघडंच ठेव.

सातुर्निनो