फांदांगोची सम

प्रिय नंदा,

येत्या शनिवारी तुझं वर्षश्राद्ध. गुरुजी शारजाहून येणार आहेत, माझ्या कारखान्यातली मंडळी येणार आहेत, आणि खोलीत इतकी माणसं बसवायची कुठे याची ऋताला आत्तापासून काळजी. पण मी लिहायला बसलोय ते त्यासाठी नाही. आज दुपारी पिलारबाईंकडे जाऊन आलो आणि तेव्हापासून कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवत नाहीये. ऋताशी बोलायला गेलो तर ती "आय नो, बाबा" म्हणून जवळ घेते आणि बोलणंच संपतं. मग उरलीस तूच.

तो तुझा फांदांगो गं! त्यानेच छळलंय मला वर्षभर.

जन्मभर तू माझ्या तबल्याला लेहरा धरलास. पेटीवर तीच एक ओळ, पुन्हा तीच, पुन्हा तीच. तिच्यावर मी वाटेल तशा उड्या मारायच्या आणि टाळ्या घ्यायच्या. मग समोरच्या इमारतीत पिलारबाई राहायला आल्या आणि त्यांच्याबरोबर ते हार्पसिकॉर्ड नावाचं प्रकरण आलं. मी त्याला पियानो म्हणालो तर तू झाकण उघडून आतल्या तारा दाखवल्यास. "हातोडी नाही हो आत, नखी आहे. सतारीसारखी तार छेडते. कितीही जोरात दाबा, आवाज तेवढाच." मी म्हटलं, "म्हणजे तुझ्यासारखंच." तेव्हा तू रागावली होतीस का गं? मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांच्याकडे तू शिकलेल्या फांदांगोत डावा हात लेहराच धरतो, फिरून फिरून त्याच दोन जागा. उजवा हात मात्र मोकाट. पहिल्यांदा तो घरी पेटीवर वाजवून दाखवलास तेव्हा म्हणालीस, "आता लेहराही माझा आणि मिजासही माझीच." केवढी खूश होतीस!

आणि त्या पाद्र्याची गोष्ट सांगताना तर तुला हसू आवरायचं नाही. फांदांगो हा मूळचा खेड्यातला नाच. गिटार, टाळ्या, हातात चिपळ्यांसारखे लाकडी तुकडे. बाई आणि पुरुष समोरासमोर नाचणार, अगदी जवळ येणार, पण एकमेकांना शिवणार नाहीत. धर्मवाल्यांनी नाकं मुरडलेला हा नाच, आणि तुझा तो हार्पसिकॉर्डवरचा फांदांगो म्हणे मठातल्या एका पाद्र्यानं लिहिलेला! "तिथे बसून त्याला कोण आठवत असेल हो?" असं तू मला विचारलंस. मी मोबाइलवर मॅच बघत होतो. "असेल कुणीतरी," म्हणालो.

गेल्या उन्हाळ्यात सगळी दुबई रिकामी झाली तशा पिलारबाईही स्पेनला गेल्या. जाताना किल्ली तुझ्याकडे दिली. कुंड्यांना पाणी घालायचं आणि हार्पसिकॉर्डचं लाकूड तडकू नये म्हणून एसी चालू ठेवायचा. तोवर तुझं पोटातलं दुखणं वाढलं होतं. रस्ता ओलांडायलाही माझा हात धरावा लागायचा. तरी त्या दिवशी हट्टाने गेलीस, रेकॉर्डिंग लावून मोबाइल समोर टेकवून ठेवलास आणि म्हणालीस, "आज पूर्ण वाजवते. बोलू नका मध्ये."

मी सोफ्यावर मांडीवर ठेका धरून बसलो. वाढत वाढत गेलीस तू. आता तिहाई येणार, आता समेवर येणार म्हणून मी बोटं उचलून तयार, आणि तू पंचमावरच थांबलीस! डोळे मिटलेले, दोन्ही हात तसेच हवेत. मी धावलो. "काय झालं? दुखतंय का?" तुझे खांदे धरले. तू डोळे उघडून माझ्याकडे बघितलंस, हसलीस आणि म्हणालीस, "चला घरी." मी म्हटलं, "राहू दे, उरलेलं उद्या वाजव." तू नुसतं "हं" म्हणालीस.

तो उद्या आलाच नाही. त्या हार्पसिकॉर्डपुढे तू पुन्हा बसली नाहीस.

वर्षभर मला एकच टोचणी होती, की तुझं तेवढं पुरं व्हायचं राहिलं. श्राद्धाला ते ऐकवायचं तर असं अर्धवट कसं ऐकवणार? मी ऋताच्या मागे लागलो. तिने कॉम्प्युटरवर तुझेच सूर जोडून शेवट तयार केला, छान षड्जावर आणून टेकवला. मी रडलो, नंदा. वाटलं, चला, एवढं तरी आपल्या हातून झालं.

आज तेच पिलारबाईंना ऐकवायला नेलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "हे शेवटचं कोणाचं?" मी सांगितलं, तिचं राहिलेलं आम्ही पुरं केलं.

"काहीच राहिलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तिने थांबवलं तिथे खलास. दॅट्स द एंड, हबीबी."

मग उठून दाखवलं त्यांनी. त्यांची आजी गावच्या अंगणात हा नाच करायची. नाच रंगात आला की गिटार अचानक थांबते आणि नाचणाऱ्यांनी असेल तिथे, असेल तसं थिजायचं. हात वर असेल तर वरच. जो हलला तो फसला. तुलाही त्यांनी हे दाखवलं होतं म्हणे. तू त्यांच्यासमोर हसत हसत पुतळा झाली होतीस.

म्हणजे तुला दुखत नव्हतं! तू नाचात होतीस. शेवट करून, हात हवेत धरून बसली होतीस, आणि हललो तो मी.

का नाही सांगितलंस गं? "अहो, झालंय पुरं," एवढं म्हणायला काय झालं होतं? की तबलजीला सम सोडून काही कळायचं नाही, हे तुला ठाऊक होतं? आता कुणाला विचारू? पुरं व्हायचं राहिलंय असं वाटत होतं तेव्हा माझ्या हाताला काम तरी होतं. आता काहीच नाही. तू सगळं व्यवस्थित संपवून गेलीस आणि मला काय करावं ते सुचत नाही.

ऋताला सांगितलं, जोडलेला शेवट काढून टाक. ती म्हणाली, "आर यू शुअर, बाबा? पीपल विल थिंक इट्स कट." म्हटलं, वाटू दे. आणि माझं ते "दुखतंय का" तेवढं काप.

शनिवारी तुझा फांदांगो लावीन. तू थांबशील तेव्हा सगळे माझ्याकडे बघतील, कारखान्यातला जोशी नक्की विचारेल, "अरे, सम कुठाय?" विचारू दे. तुला वचन देतो नंदा, या वेळी मी धावत येणार नाही. हात असतील तसेच ठेवून बसून राहीन.

तुझा,
वसंत