रानात ठेवलेले दोन कोट

ओउलु, ८ सप्टेंबर

ती. सिर्काताईस,
तुइयाचा सा. न. वि. वि.

घोटा अजून प्लास्टरमध्येच आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, घाई करू नका. त्यांना काय जातं म्हणायला! तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत बसून मी दिवसभर काय करते असं विचारशील, तर फोन बघते. पोन्सीला तुझ्याकडे सोडताना तो रानात हरवू नये म्हणून त्याच्या गळ्यात तो जीपीएस पट्टा घातला, तेव्हा वाटलं नव्हतं की मलाच त्याचा इतका आधार होईल. नकाशावर एक लाल ठिपका हलतो. तो भुंकला की ठिपक्याशेजारी खूण येते. मग मी मनात म्हणते, सापडला वाटतं झाडावर पक्षी. आणि इथे खुर्चीत बसून टाळ्या वाजवते. शेजारच्या बाईंना वाटत असेल, पाय मोडला तो मोडला, डोकंही गेलं.

पण ताई, एक विचारायचं होतं. रात्री हा ठिपका अंगणात त्याच्या खोपटापाशी हवा, तो तुझ्या घराच्या पूर्वेच्या कोपऱ्यात कसा? तिथे तर तुझी खाट आहे. माझ्याकडे तो कायम बाहेरच्या दाराशी निजायचा. थंडीत मी स्वतः उठून हाका मारल्या तरी खोलीत यायचा नाही. तू काय खायला घालतेस त्याला? लोणी चोपडलेल्या पुऱ्या देत असशील तर देऊ नकोस, त्याचं पोट बिघडतं. आणि लाड फार नकोत. पाय बरा झाला की मी त्याला न्यायला येणार आहे, मग त्याला इथे जड जाईल.

तू मजेत असशीलच. लोभ असावा, सगळा पोन्सीवर खर्च करू नये.

तुझी,
तुइया

*

कुहमो, १५ सप्टेंबर

चि. तुइया हिस,
अ. उ. आ. (या वेळी जरा हात आखडून.)

तुझं पत्र वाचून मी आधी खाट हलवली. आता ती पश्चिमेच्या कोपऱ्यात आहे. ठिपकाही पश्चिमेला गेला असेल, बघ.

बटाटे काढून झाले. लाल बोरं यंदा इतकी आहेत की दलदलीकडे गेलं तर पाऊल कुठे ठेवावं कळत नाही. पोन्सी पुढे, मी मागे बादली घेऊन. हे तुला सांगायला नकोच म्हणा. तू फोनवर विचारलंस ना, मंगळवारी तायस्तोच्या घरी एवढा वेळ का थांबलात म्हणून? त्याच्या सौनाचं, त्या वाफेच्या न्हाणीचं, धुराडं तुंबलं होतं, म्हणून थांबलो. शेजाऱ्याच्या घरी कॉफी प्यायलाही आता तुझी परवानगी काढायची का? अगं, पट्टा कुत्र्याच्या गळ्यात बांधलास, पण आवळतोय माझा गळा. मी बावन्न वर्षांची बाई. आईसुद्धा माझ्यावर एवढी नजर ठेवत नव्हती.

आणि तुझा ठिपका सगळं सांगतो असं समजू नकोस. लांब रस्त्यावर मोटारीचा आवाज आला की हा माझ्या पायाशी खाता खाता उठतो. फाटकापर्यंत जातो. गाडी पुढे निघून गेली की परत येतो, पण ताटलीला तोंड लावत नाही. तो कोणाची वाट बघतो हे तुला माहीत आहे आणि मलाही. त्या वेळी मी त्याच्याशी बोलतही नाही. मुकाट्याने भांडी घासते.

न्यायला येणार ते ये. माझं काय, मी एकटी राहिलेच आहे इतकी वर्षं.

घोट्याला जप. लोभ असावा, पण तो पत्रातून असावा, उपग्रहातून नको.

तुझी,
सिर्काताई

*

ओउलु, २ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दुपारच्या बसच्या पार्सलात ही चिठ्ठी घालते आहे, म्हणून थोडक्यात.

तू फोन केला नाहीस, तायस्तोने केला. म्हणाला, पोन्सी सापडत नाहीये, जरा नकाशावर बघ कुठे दिसतो. मी हसले गं. म्हटलं, तायस्तो, डोळे तपासून घे, तो ताईच्या लाकडांच्या शेडमागे निजलाय, परवापासून तिथून हललेला नाही. तब्येत बरी नसेल म्हणून मीच काळजीत होते.  तर तो म्हणाला, मी त्या शेडपाशीच उभा आहे, पट्टा इथे खिळ्याला टांगलाय.

ताई, मी दोन दिवस खिळ्याची काळजी करत बसले होते.

दलदलीपलीकडे लांडग्यांच्या खुणा दिसल्या, हेही तो बोलून गेला. मग तो पस्तावला, पण मी ऐकलं ते ऐकलं. माझा पाय धड असता तर तुला विचारायलाही थांबले नसते, रानात शिरले असते.

तू त्याला शेवटचं जिथे पाहिलंस, त्या लाकडी पुलापाशी तुझा कोट ठेवला आहेस असं कळलं. बाबाही तसंच करायचे. कुत्रं आपल्याच मागावरून फिरून येतं आणि आपल्या माणसाचा वास लागला की तिथेच बसून राहतं. पण कोट आपल्या माणसाचा लागतो. म्हणून माझा हिरवा कोट पाठवते आहे. मुद्दाम धुतलेला नाही. घडी मोडताना हात फार लावू नकोस, तुझा वास लागेल. तुझ्या कोटाशेजारी ठेव, अगदी शेजारी. नंतर तुझ्या बाजूला वारा होता असं ऐकायची माझी तयारी नाही.

तो सुखरूप येऊ दे, एवढंच आधी. आणि आला की जिच्या कोटावर बसेल, तिचा तो. हे मी रागात लिहीत असेन, पण खोडणार नाही.

तुइया

*

कुहमो, ६ ऑक्टोबर

चि. तुइया हिस,
अ. उ. आ.

पोन्सी मिळाला हे फोनवर सांगितलंच. तायस्तो घरात होता, म्हणून बाकीचं बोलता आलं नाही. शिवाय फोनवर आपण भांडतो, कागदावर जरा माणसात असतो.

पट्टा मीच काढला. त्याचं मला वाईट वाटत नाही असं लिहिणार होते, पण वाटतं. मला एकच दिवस हवा होता, जो फक्त माझा आणि त्याचा असेल, ज्याबद्दल संध्याकाळी कोणी विचारणार नाही. तुझा ठिपका घरी निवांत बसेल आणि आम्ही बोरं खुडून परत येऊ, एवढाच माझा बेत. पुलापाशी त्याला कसलातरी वास लागला आणि तो गेला तो गेलाच. लांबवर भुंकणं ऐकू येत होतं, मग तेही थांबलं. घसा बसेपर्यंत हाका मारल्या. तुला फोन करायला हात धजेना. तुला काय सांगणार होते?

तुझा कोट आला तसा नेऊन ठेवला. हात लावला नाही, बोटांच्या टोकांनी धरला. एक डावीकडे, एक उजवीकडे, मध्ये वीतभर जागा. वारा नव्हता. आज सकाळी एकटीच गेले. गवतावर सगळीकडे हिम पडलेलं, पुलाच्या फळ्या निसरड्या, दलदलीवर धुकं. झाडावर एक कावळा बसला होता. सूर्य अजून वर यायचा होता.

तो तुझ्या कोटावर होता.

तेव्हा ठरल्याप्रमाणे कुत्रा तुझा. पंजाला थोडं खरचटलं आहे, बाकी ठीक. पट्टा परत त्याच्या गळ्यात घातला आहे. प्लास्टर निघालं की ये आणि घेऊन जा. त्याची ताटली, घोंगडी सगळं बांधून ठेवते. तुझा कोट आजच टपालाने पाठवते, थंडी वाढली आहे, तुला लागेल.

लोभ आहे तसा असू दे.

तुझी,
सिर्काताई

*

ओउलु, १२ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल प्लास्टर निघालं. पाय वाळक्या काटकीसारखा दिसतो, पण चालतो. घरी आले तर दाराशी तुझं पार्सल.

तुझं पत्र मी अनेकदा वाचलं. त्यात हिम आहे, धुकं आहे, पुलाच्या फळ्या आहेत, एक कावळासुद्धा आहे. पोन्सी तुला बघून उठला का, शेपटी हलवली का, अंगावर उडी मारली का, हे मात्र नाही. एरवी तू त्याच्या जांभईचंही वर्णन करतेस.

मग मी कोट काढला. खिडकीत उजेडाकडे धरला. आतून पाहिला, बाहेरून पाहिला, खिसे उलटे केले. ताई, या दिवसांत तो इतका झडतो की माझ्या घरात अजून, तो गेल्यावरही, चहाच्या कपात त्याचा तांबडा केस निघतो. आणि तू म्हणतेस त्या कोटावर तो बसून राहिला होता, त्यावर एक केस नाही. चिखलाचा एक डाग नाही. तू घासून पुसून पाठवलास म्हणशील, तर वासही माझाच आहे, पायाला चोळायच्या मलमाचा.

तुझा कोट आता कसा दिसत असेल, ते मला न बघता दिसतंय.

मला इतका राग आला की मी जेवले नाही. तो तुझ्याकडे आला याचा राग आलाच, खोटं कशाला बोलू? तो तीन आठवड्यांचं पिल्लू असताना त्याला मी बाटलीने दूध पाजलं आणि संकटात त्याला तुझा वास आठवला. पण त्याहून जास्त राग याचा आला की तू एकटी होतीस, कोणी बघायला नव्हतं, तुला हवं ते तुला मिळालं होतं आणि तू ते मला देऊन टाकलंस. देण्यातही तू माझ्या पुढेच. लहानपणी केकचा मोठा तुकडा माझ्या बशीत टाकून तू अशीच खिडकीबाहेर बघत राहायचीस आणि तो तुकडा मला कधी गोड लागायचा नाही.

घोंगडी सोड. ताटली जागेवर ठेव. तो तिथेच राहील. त्याचं रान तिथे आहे आणि आता त्याचं माणूसही. हे वाक्य लिहायला मला सकाळपासून दुपार झाली, तेव्हा त्यावर वाद घालू नकोस. माझ्यासाठी खोटंही बोलू नकोस, तुला ते जमत नाही.

मी शनिवारी येते आहे, नुसती भेटायला. एक कर. मी दार लोटून आत येईन तेव्हा तू चुलीकडे तोंड करून कॉफी ओतत राहा. मी खाली वाकून बुटाच्या नाड्या सोडत राहीन. तो कोणाकडे धावतो, हे दोघींपैकी कोणीही बघायचं नाही.

लोभ असावा, माझ्या वाट्याचा मी शनिवारी मोजून घेईन.

तुझीच, अजून जळणारी,
तुइया