पपईला सोकावलेला पक्षी

टली
मंगळवार, ६ सप्टेंबर १९९४
दुपारचे ३ वाजून ४० मिनिटे

ती. लोरेटताईस,
नेव्हिलचा सा. न. वि. वि.

शाळा आत्ताच सुटली. फावडी धुऊन शेडच्या दारात बसून हे लिहीत आहे.

शाळेच्या आवाराची निगा माझ्याकडे असते, हे तुला ठाऊकच आहे. हेडबाई मिसेस ब्रॅडक यांनी आज सांगितलं, की पुढच्या गुरुवारी, १५ तारखेला, मुलं आवारातले जीव शोधून वहीत नोंदवणार. बेडूक, कोळी, फुलपाखरं. अगदी मागच्या कुंपणापर्यंत जाणार, जिथून जंगल सुरू होतं.

त्या कोपऱ्यात जुलैपासून एक कॅसोवरी येतो, तो शहामृगासारखा न उडणारा जंगली पक्षी. नर आहे, माझ्या खांद्याइतका उंच, मागे तीन पट्टेरी पिल्लं. फार रोडावला होता, म्हणून मी त्याला गळलेल्या पपया टाकल्या. रोज टाकल्या. आता तो माझी वाट पाहतो आणि कुंपण वाकवून आत येतो. त्याच्या पायाची आतली नखी माझ्या बोटापेक्षा लांब आहे. तिने कुत्र्याचं पोट फाटलेलं मी पाहिलं आहे.

त्याला खायला घालणारा कामावरून जाईल, असं फाटकावरच लिहिलं आहे. माझी नोकरी डिसेंबरपर्यंत कच्ची आहे. काय करू ते कळव.

लोभ आहेच, तो या भित्र्या भावावरून काढू नकोस.
नेव्हिल


टाउन्सव्हिल
शुक्रवार, ९ सप्टेंबर

चि. नेव्हिलला अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि चहा गार होईपर्यंत तशीच बसले. आईला सांगितलं नाही. लहानपणी मधमाश्यांना साखर भरवायला गेलास आणि ओठ सुजवून आलास, तोच तू.

गुरुवारच्या आत बाईंना सांग. कसं सांगू म्हणून कागदावर तीनदा उतरवत बसू नकोस, मी तुला ओळखते. दार ढकल, आत जा, बोल. नोकरी गेली तर माझ्या भाजीच्या दुकानात ये. पगार कमी, बोलणी भरपूर. पण एखाद्या पोराला काही झालं तर तुला मी कुठे ठेवू?

रागावलेली, तरी तुझीच,
लोरेट


टली
गुरुवार, १५ सप्टेंबर
दुपारचे २ वाजून ५ मिनिटे

ती. ताईस नमस्कार.

आधी हे, की सगळी मुलं सुखरूप आहेत.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. चार वेळा बाईंच्या दारापर्यंत गेलो. एकदा त्या फोनवर होत्या, एकदा कुणाची तरी आई बसली होती. दोनदा त्या एकट्याच होत्या, आणि मी गळक्या नळाबद्दल बोलून परत आलो.

फुलपाखरं यावीत म्हणून बाईंनी पिकल्या फळांची बादली नेली आहे, हे मला आज दहा वाजता कळलं. मी धावलो. तोवर तो कुंपणाच्या आत होता. मुलं पळाली नाहीत. इथल्या प्रत्येक मुलाला शिकवलेलं असतं, की पाठ दाखवायची नाही, हातात असेल ते पुढे धरायचं आणि पावलापावलाने मागे सरायचं. सात वर्षांच्या टेगनने तेच केलं. तिच्या हातात ती बादली होती. ती जसजशी मागे सरली, तसतसा तो पुढे आला. बाई हळू आवाजात सांगत होत्या, की शाब्बास, अशीच धर, सोडू नकोस.

मी ओरडून सांगितलं, की टाक ती, त्याला फळंच हवीत, रोज मीच देतो. तिने बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग बादली सोडली. तो वाकून खाऊ लागला. पिल्लंही आली. टेगन मागे सरतच राहिली, पार भिंतीला टेकेपर्यंत.

बाई म्हणाल्या, की नळाचं पुराण सांगितलंस, तेवढ्यात हे एक वाक्य मावलं असतं. नोकरीचं उद्या कळवतील. टेगनचे वडील तिला घेऊन गेले.

मग वन्यजीव खात्याचा माणूस आला. सोकावलेला पक्षी शाळेजवळ ठेवता येत नाही म्हणाला, दूर नेऊन सोडतील. पिल्लं हाती लागली तर सोबत, नाहीतर, एवढं म्हणून त्याने टोपी घातली. पिल्लांना सांभाळणारा तो नर एकटाच आहे, ताई, त्यांच्यात आई थांबत नाही.

पिंजऱ्यात तो माझ्याच मागे शिरेल, असं त्या माणसाचं म्हणणं. तेव्हा उद्या सकाळी सातला मला तिथे उभं राहायचं आहे. मी हो म्हटलं. तो येणार नाही अशी भीती मला वाटत नाही. तो येईल.

माया कमी झाली असेल तरी पत्र बंद करू नकोस.
नेव्हिल