वाकळीतलं सोनं

११ सप्टेंबर

"दमत न्हाईस म्हणून झोप येत न्हाई" — आईचं परत तेच! अगं आई, दिवसभर सोनं आटवायच्या भट्टीपुढं उभा असतो मी. ऊस तोडला तरच माणूस दमतो का? एकदा बोललो तुझ्याजवळ, चूक झाली. आता इथून पुढं फोनवर "लय झोपतोय" म्हणणार. तू खूश.

दुकानातच झोपतो आम्ही; शेजारी माझ्यासंगं काम करणारा बिराप्पा घोरतोय. त्यापेक्षा भट्टीचा पंखा बरा.

१४ सप्टेंबर

गॅस बंद केलाय. माझ्या हातानं. तरी आडवं झालं की वाटतं, राहिला. उठतो, बघतो. बंद. मग तेजाबाची बाटली. मग कुलूप. मग परत गॅस! छाती अशी धडधडते जसं कुणी पाठीच लागलंय. कोण लागणार? इथं तमिळनाडूत, सेलममध्ये मला ओळखतं कोण?

वाकळ तोंडावर ओढली की जरा बरं वाटतं. आबा गेले त्या वर्षी आईनं शिवली. तिची हिरवी साडी, आबांचा पलटणीतला शर्ट, सगळं त्यात.

१५ सप्टेंबर

आजही झोप नाही.

२१ सप्टेंबर

मालक, नानासो शेठ, म्हणाले, "घट बसायच्या आत अंथरुणं काढायची." गावाकडं वाकळा ओढ्याला धुतात. इथं गलाईच्या, म्हणजे सोनं गाळायच्या दुकानात जाळतात! आमच्या अंगावरची सोन्याची धूळ वर्षभर अंथरुणात उतरते. राख धुवायची, आटवायची, निघेल ते मालकाचं. शेठ विट्याचे, तिथल्या गलाईवाल्यांची रीत पक्की. गेल्या वर्षी माझी चादर गेली, काही वाटलं नाही.

मी म्हटलं, "शेठ, वाकळ तेवढी ठेवा. आईनं शिवलीय. गावी नेतो."

ते माझ्याकडं वळले. "वाकळ गावाला न्यायची?"

नंतर बिराप्पा म्हणाला, "येडा का खुळा रं तू? धूळ चोरणारा असंच म्हणतोय की!"

माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं!

२३ सप्टेंबर

शेठनी मोबाईल पुढं धरला. दुकानातला कॅमेरा. मीच — उठतोय, भट्टीपाशी वाकतोय, परत वाकळीत शिरतोय. रोज.

"काय लपवतुयास रं ऋषिराज?"

"झोप येत न्हाई, शेठ."

"एवढ्या जवान पोराला झोप येत न्हाई व्हय! जाळली की कळंल."

जास्त सोनं निघालं तर मी चोर. मग विट्यापासून कडेगावापर्यंत कुणी दारात उभं करणार नाही. कमी निघालं तरी वाकळ जाणारच.

२९ सप्टेंबर

जाळली.

आधी बिराप्पाची. हरभऱ्याच्या डाळीएवढं सोनं. "लय झोपलास गड्या!" शेठ हसले. मग माझी. साडीचा काठ लवकर जळेना. मी भट्टीकडं बघतच नव्हतो. शेठच्या तोंडाकडं बघत होतो.

मोहरीएवढं.

त्यांनी राख परत धुतली. परत आटवली. काही नाही. वाकळीला पाठ टेकली तर धूळ उतरणार ना!

मग म्हणाले, "आरं, वर्षभर झोपलाच न्हाईस की तू." आवाज वेगळाच. "सांगायचं न्हाई व्हय?"

सांगितलं होतं की!

तो कण कागदाच्या पुडीत बांधला आणि माझ्या खिशात घातला. मालकाचं असतं ते.

३ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाई तमिळ. शेठ मधे बसून माझं तिला सांगत होते, तिचं मला. हा आजार आहे म्हणाली, लाज कसली. गोळ्या थोडे दिवस. आणि मनातलं कुणाला तरी खरं बोलायचं. ते गोळीपेक्षा अवघड.

रात्री गॅस आता बिराप्पा बंद करतो, आणि ओरडतो, "बंद हाय रं! पड!"

तरी एकदा उठलो. एकदाच.

६ ऑक्टोबर

आईला सांगितलं. सगळं. वाकळीचंही.

मग म्हणाली, "तुझं आबाबी सुट्टीवर आलं की रातभर गोठ्यात फिरायचं. मी आपली म्हणायची, दमलं न्हाईत."

आणि थोड्या वेळानं, "नवी वाकळ शिवाया घेते. तू पैसं कमी पाठीव. औषिद घे."

७ ऑक्टोबर

दर महिन्याला दहा हजार पाठवतो. आज पाठवतोय — आठ हजार दोनशे.