मधली फळी

४ जानेवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

खोली मिळाली, शिकवायला मिळालेली शाळाही आवडली. घरातली पहिली पदवीधर म्हणून इथे माझं कौतुक होतं. पण ती पदवी तुमच्या रंध्यावर आणि आईच्या ओट्यावर उभी आहे, हे मी विसरलेले नाही.

वसतिगृहात एक चांगली पद्धत आहे. स्वयंपाकीणबाई सगळी भांडी टेबलावर ठेवतात आणि आमच्याबरोबरच जेवायला बसतात. पहिल्या दिवशी मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मग लक्षात आलं, की आईला जेवताना मी नीट कधी पाहिलंच नाही. आपलं आटोपलं की ती ओट्यापाशी उभ्याउभ्या, गार झालेलं खाते.

बाबा, गावभर तुम्ही केलेली टेबलं आहेत. आपल्या घरी एक कराल? सुट्टीत मी येईन तेव्हा सगळ्यांनी, आईसकट, एकदम बसायचं. एवढंच मागणं.

दादा-वहिनीला आठवण सांगा. तुमची माया अशीच पाठीशी राहू द्या.

तुमची लेक


१५ जानेवारी

चि. पदवीधरबाईंस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. वहिनीने ते इतक्या मोठ्याने वाचलं, की सुताराच्या घरात टेबल नाही हे शेजाऱ्यांनाही कळलं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

जागेची अडचण तुला ठाऊक आहे, म्हणून उघडमिटीचं करतोय. एरवी भिंतीलगत चौघांपुरतं. तू आणि आत्या आलात की दोन्ही बाजू ओढायच्या, पोटात दडवलेली मधली फळी वर काढून बसवायची, की झालं सहाजणांचं.

मी टेबल खोलीवरून नाही, माणसांवरून मापतो. प्रत्येकाला बसवून कोपरापासून कोपरापर्यंत दोरी धरली. दादा दीड माणसाची जागा खातो. तुझी आई मात्र बसेना. म्हणाली, मला वाढायचं असतं, माझं माप कशाला? लेक शिकली ते बरंच झालं, आता मला जेवायलाही शिकवणार का? शेवटी ती ओट्यापाशी असताना मागून दोरी लावली. तिला वाटलं, नवी मांडणी करतोय. खूश झाली. मी कशाला बोलतोय!

टेबल मी करीन. पण तिला त्यापाशी बसवील असं हत्यार माझ्या पेटीत नाही.

जेवत जा. आम्हा म्हाताऱ्यांवर लोभ ठेव.

तुझे बाबा


२ मे

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

चार दिवसांची सुट्टी आटोपून इथे सुखरूप पोचले. टेबल किती सुरेख झालंय! बाजू ओढताना आवाज होत नाही, आणि फळी बसली की सांधा नखालाही लागत नाही.

तुमचा चेहरा मात्र आठवून अजून हसू येतं. जन्मभर माणसं मापलीत, पण बसताना खुर्च्या मागे सरकतात हे मापायचं राहिलं! दादा टोकाला बसला आणि स्वयंपाकघराचं दार अडलं. भाताचं पातेलं ठेवायला आलेली आई इकडेच अडकली. ती दादाला म्हणाली, ऊठ रे, मीठ राहिलंय. तो उठायला गेला तर आत्याची खुर्ची आडवी. आत्याने सांगून टाकलं, की मोठ्या कष्टाने बसले आहे, आता पोट भरल्याशिवाय हलणार नाही. आईने वाकून टेबलाखालून वाट आहे का तेही पाहिलं. मग रिकाम्या खुर्चीच्या कडेवर नुसती टेकली. वहिनीने तिचं ताट आधीच मांडून ठेवलं होतं. अळणी भाजीला तुम्ही पुन्हा पुन्हा छान म्हणत होतात, आणि आई हळूहळू खुर्चीत मागे सरकत होती.

माणसं शेजारी बसली की जग सुधारतं, असं मी वर्गात सांगते. त्या दुपारी ते मी पाहिलं.

निघताना तुम्ही म्हणालात, की फळी वीतभर कापून वाट मोकळी करतो. आपल्या कामात चूक राहिलेली तुम्हाला खपत नाही, हे मला समजतं. पण वाट मोकळी झाली की आई पुन्हा ओट्यापाशी जाईल, ही भीती वाटते. काम तुमचं आहे, त्यात मी काय बोलणार? मी फक्त आभार मानते.

असाच जीव लावत राहा.

तुमची लेक


११ मे

चि. पदवीधरबाईंस,
अ. उ. आ.

करवत काढली, फळीवर पेन्सिलीने खूण केली. तुझी आई आली, ओल्या फडक्याने खूण पुसली आणि त्याच जागी गरम पातेलं ठेवलं. पॉलिशवर गोल डाग पडला. माझ्या काळजावरही पडला.

मी म्हटलं, घरात आपण चौघंच, मिटून तरी ठेवू. तर म्हणते, असू दे उघडं. आता रोज मीठ-पाणी आधी आणून ठेवते आणि दादाला स्वतःच सांगते, तू टोकाला बस.

एवढी कामाची चूक माझ्या हातून आजवर झाली नव्हती. टेबल मागितलंस, तुझे उपकार. खाली तुझ्या आईला चार ओळी लिहायच्या आहेत.

तुझे बाबा

चि. बाळ, बाबांचं ऐकू नकोस, डाग एवढासाच आहे. काल भाजी शेगडीवरून उतरल्या उतरल्या सगळ्यांबरोबर खाल्ली. इतकं गरम खायची सवय कुठली? जीभ पोळली. हसू नकोस. आज फुंकर घालून खाल्ली.

आई