आमची तटस्थता आणि सूनबाईची नोकरी

३ जून, सकाळी

छापखान्यातून मुख्य मुद्रितशोधक म्हणून निवृत्त झालो, तेव्हा वाटले होते की आता जगातील चुका जगाने पाहून घ्याव्यात. तसे झाले नाही. इंटरनेटवर एक मराठी ज्ञानकोश आहे. तेथे कोणीही येऊन लिहावे आणि कोणीही येऊन खोडावे, अशी व्यवस्था आहे. ‘समतोल’ हे नाव धारण करून मी तेथे वर्षभर सेवा देत आहे. मानधन नाही. आभारही नाहीत.

आज चहाच्या वेळी सूनबाईने विषय काढला. ती करधोरण अभ्यास केंद्रात संशोधक आहे. कोणावर किती कर असावा यावर अहवाल लिहिणे आणि सरकारला न मागितलेला सल्ला देणे, हे केंद्राचे कार्य. चिरंजीव त्यास ‘थिंक टँक’ म्हणतात. सौ. विचारते, की गच्चीवरची टँक धुवायला माणूस कधी आणणार.

सूनबाई म्हणाली, की बाबा, त्या ज्ञानकोशात आमच्या केंद्रावर लेख आहे. कर्मचाऱ्यांनी किंवा त्यांच्या घरच्या कोणीही त्याला हात लावायचा नाही, असा आमच्याकडे कडक नियम आहे. महिनाअखेरीस मला कायम करायचं की नाही ते ठरतंय, तेव्हा प्लीज. मी शब्द दिला. शब्द देणाऱ्यास ‘प्लीज’ म्हणण्याची आवश्यकता नसते, हेही सांगितले.

संकल्प: त्या लेखाकडे पाहायचेसुद्धा नाही.

३ जून, दुपारी

पाहिला. पाहणे म्हणजे हात लावणे नव्हे.

५ जून

लेखाची अवस्था पाहवत नाही. एका वाक्यात कर्ता आहे, क्रियापद बेपत्ता. दुसऱ्यात क्रियापदे दोन आणि दोघांचे आपसात पटत नाही. फक्त शुद्धलेखन सुधारले. कोणाच्या चष्म्याची काच पुसून दिली म्हणून त्याची मते बदलत नाहीत. सूनबाईला सांगितले नाही. सांगण्यासारखे काही घडलेलेच नाही.

८ जून

लेखाच्या आरंभीच ‘ही एक स्वतंत्र व नामवंत संस्था आहे’. नामवंत कोणी ठरवले? विशेषण हे लाच दिलेल्या साक्षीदारासारखे असते. दोन्ही विशेषणे काढली. हे शुद्धलेखनातच मोडते.

मग वाटले, नुसतेच काढले तर संस्थेवर अन्याय होईल. म्हणून ‘बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेच्या देणगीवर चालणारी’ असे घातले. मग वाटले, हा तर आरोप झाला. म्हणून पुढे ‘परंतु’ घातले. ‘परंतु’नंतर काय घालावे हे सुचेना. सौ. जेवायला हाका मारीत होती. वाक्य ‘परंतु’वर थांबवून उठलो.

८ जून, रात्री

‘वटवाघूळ’ नावाच्या कोणा संपादकाने माझे सर्व काम उलटवले आहे. शेरा असा: ‘परंतु काय, काका?’

उद्धट माणूस. नाव मात्र योग्य घेतले आहे. सगळे उलटेच दिसत असणार.

११ जून

संकल्प: आठवडाभर संगणक बंद. सायंकाळी केवळ हवामान पाहण्यासाठी उघडला. आकाश निरभ्र आहे. वटवाघळाने आणखी एक स्वल्पविराम चुकीच्या जागी टाकला आहे.

१३ जून

आज मोठा प्रसंग गुदरला. लेखातील ‘टीका’ हा भाग प्रथमच बारकाईने वाचला. केंद्राचे अहवाल नेहमी देणगीदारांच्या सोयीचे असतात, अशी टीका तेथे दिली आहे. त्यापुढे परिच्छेद आहे: बांधून रिकाम्या ठेवलेल्या सदनिकांवर जादा कर बसवावा, असा एक अहवाल केंद्राने काढला, तो देणगीदारांच्या थेट विरोधात जाणारा होता आणि अत्यंत साधार होता.

तो अहवाल आमच्या सूनबाईचा! दोन वर्षे आमच्या जेवणाच्या टेबलावर त्याचे कागद पसरले होते. आम्ही मांडीवर ताटे घेऊन जेवलो. वाचून ऊर भरून आला. डोळेही.

आणि त्याच क्षणी ध्यानात आले, की ऊर भरून येणे हाच पक्षपात. परिच्छेद मला आवडला, म्हणजे तो संशयास्पद आहे.

१४ जून

काढून टाकला.

सोपे नव्हते. न्यायाधीशाने स्वतःच्या पुतण्यास शिक्षा सुनावावी तसे वाटले. शिवाय आडपडदा नको, म्हणून लेखाच्या चर्चापानावर लिहिले: ‘सदर अहवाल प्रस्तुत संपादकाच्या स्नुषेने लिहिलेला असल्यामुळे, पक्षपाताची शंकाही कोणास येऊ नये, या हेतूने तो परिच्छेद वगळण्यात येत आहे.’ वाक्य तीनदा वाचले. अलीकडे असे वाक्य पाहावयास मिळत नाही.

१५ जून

वटवाघळाने परिच्छेद परत घातला आणि लिहिले, की आजोबा, नातं असेल तर लेखाला हात लावू नये असा नियम आहे, नातं सांगून हात लावावा असा नाही.

एका आठवड्यात काकाचा आजोबा झालो.

परिच्छेद पुन्हा काढला. त्याने पुन्हा घातला. मी नैतिक बळावर पुन्हा काढला.

१६ जून

विजय! प्रचालकांनी, म्हणजे तेथील व्यवस्थापकांनी, भांडण नको म्हणून लेखास महिनाभर कुलूप लावले. लेख माझ्या आवृत्तीवर गोठला आहे. चिरंजीवांना म्हणालो, की कुटुंबातील एक माणूस तरी निःपक्षपाती आहे. ते म्हणाले, की बाबा, तुम्ही रिमोटवर बसला आहात.

२१ जून

वर्तमानपत्रातील एका स्तंभलेखकाने केंद्राची खिल्ली उडवली आहे. देणगीदारांना झोंबेल असा एक तरी अहवाल या मंडळींनी काढला आहे काय, ज्ञानकोशात तरी त्याचा मागमूस नाही, असे तो लिहितो. वाक्यरचना बरी आहे.

सूनबाई उशिरा आली. चपला न काढताच बसली. म्हणाली, की तो अहवाल छापावा म्हणून मी संचालकांशी वर्षभर भांडले. आमची तेवढीच एक गोष्ट होती, जी कुणालाही तोंडावर दाखवता यायची. आणि आता कुणीतरी तीच पुसून टाकली. संचालक विचारताहेत, कोणी. चिरंजीव म्हणाले, असेल कोणीतरी रिकामटेकडा. सौ. माझ्याकडे पाहू लागली. चाळीस वर्षे संसार केलेली बाई नुसती पाहते तेव्हा फार ऐकू येते.

मी मत दिले नाही. घरातील वादात मी कोणाची बाजू घेत नाही.

२२ जून

प्रचालकांना विनंती केली, की कुलूप काढावे. परिच्छेद परत घालण्याचा पुनर्विचार करता येईल. उत्तर आले: ‘हितसंबंध असलेल्या व्यक्तीची विनंती विचारात घेता येत नाही.’

माझेच तत्त्व मला सांगतात.

वटवाघळास लिहिले, की आपण तरी प्रयत्न करावा. तो म्हणतो, की मी तर दोनदा घातला होता, आजोबा.

२६ जून

संचालकांनी चर्चापान पाहिले. सूनबाईने आज सर्वांसमोर माझे ते वाक्य मोठ्याने वाचले. ‘स्नुषेने’ या शब्दावर चिरंजीव अडखळले, तेव्हा सौ.ने अर्थ सांगितला. सूनबाई म्हणाली, की बाबा, तो अहवाल मी एकटीने लिहिलाय, त्यावर माझं नाव आहे. तुम्ही सून म्हटलंत म्हणजे माझा पत्ताच दिलात की!

मी निदर्शनास आणून दिले, की मी तिच्याविषयी एकही वावगा शब्द लिहिलेला नाही. ती म्हणाली, चांगलाही नाही लिहिलात.

सौ. म्हणाली, की अहो, बाहेरच्या त्या पाखराला पोरीचं काम कळलं आणि तुम्हांला घरात बसून कळलं नाही? वटवाघूळ हे पाखरू नव्हे, हे सांगण्याची ही वेळ नव्हती. तरी सांगितले.

२९ जून

संचालकांना पत्र लिहावयास बसलो. पहिल्या मसुद्यात ‘एकीकडे सूनबाईची योग्यता, दुसरीकडे केंद्राचा नियम’ असे आले. दुसऱ्यात ‘एकीकडे केंद्राचा नियम, दुसरीकडे सूनबाईची योग्यता’. दोन्ही मसुदे इतके समतोल झाले, की त्यांतून काहीच मागितले जाईना. सूनबाईने वाचले. म्हणाली, की पाठवू नका, मी हात जोडते.

३० जून, सायंकाळी

कायम झाली! मी म्हणतच होतो.

३० जून, रात्री

संशोधन विभागात नव्हे. कार्यक्रम विभागात. ज्याच्या घरच्यांनी नियम मोडला त्याने अहवाल लिहू नयेत, असे ठरले. यापुढे परिसंवादाच्या खुर्च्या मोजणे, ध्वनिक्षेपक चालू आहे ना ते पाहणे आणि पाहुण्यांना पाणी देणे, हे तिचे काम. पगार तोच. चिरंजीव म्हणाले, की पगार तोच आहे ना. यावर ती उठून स्वयंपाकघरात गेली.

मागोमाग गेलो. सौ.च्या खांद्यावर डोके ठेवून ती रडत होती. पुढे जावे, तर काय म्हणावे हे ठरले नव्हते. मागे फिरावे, तर बरे दिसले नसते. पुष्कळ वेळ दारातच उभा राहिलो.

सौ. म्हणाली, की आत तरी या नाहीतर बाहेर तरी जा, मधे उभे राहून वारा अडवू नका.

बाहेर गेलो.